दरवाजा आणि दप्तर

बंदोबस्ताच्या कोणत्याही इमारतीच्या देवडीवर, मग ती किल्ल्याची असो, टांकसाळीची असो वा एखाद्या संगणककेंद्राची असो, तीन भिन्न कामे अहोरात्र चाललेली असतात : समोर आलेला मनुष्य कोण हे ओळखणे, त्यास आत जाण्याची मुभा आहे की नाही याचा निवाडा करणे, आणि तो आला-गेला याची नोंद ठेवणे. पूर्वी ही तिन्ही कामे बहुधा एकाच इसमाच्या माथी पडत. पहारेकरी चेहऱ्यावरून माणूस ओळखी, परवाना पाहून किंवा न पाहताच त्यास आत सोडी, आणि नोंद म्हणून जी काय असेल ती त्याच्या स्मरणात राही. गेल्या चाळीसएक वर्षांत यंत्रांनी ही कामे आपसांत वाटून घेतली आहेत. बोट, डोळा किंवा चेहरा न्याहाळणारे यंत्र दारावर बसले, निवाडा करणारी पेटी भिंतीआड गेली, नोंदवही कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, क्वचित परमुलखात, जाऊन पडली, आणि या सर्वांस सांधणारी तार छतातून धावू लागली. या विषयावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक पहिल्या कामाविषयी, म्हणजे यंत्र माणूस ओळखण्यात किती चुकते याविषयी असते. मला मात्र साऱ्या प्रश्नाचा आढावा घेतल्यावर असे वाटते की, या व्यवस्थेचे बळ आणि तिचा धोका ही दोन्ही दारापेक्षा दारामागच्या दप्तरात, आणि दारापासून दप्तरापर्यंतच्या वाटेवर, अधिक साठलेली आहेत.

हा विचार तसा नवा नव्हे. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने जी बखर लिहिली तीत शिवछत्रपतींच्या गडकोटांची व्यवस्था वर्णिलेली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी नेमावेत आणि त्यांनी एकविचाराने कारभार करावा, असा त्या व्यवस्थेचा कणा होता. शिबंदी ज्याच्या हुकमतीखाली, हजेरीचे व हिशेबाचे कागद त्याच्या हाती नसत, आणि कोणा एकाच्या फितुरीने गड शत्रूस मिळू नये हा त्यातील उघड हेतू होता. दरवाजावर विश्वासू माणूस ठेवला म्हणजे बंदोबस्त झाला, असे त्या मुत्सद्द्यांनी मानले नाही. त्यांनी विश्वासाचेच तुकडे केले आणि ते वेगवेगळ्या हातांत ठेवले. आजच्या बायोमेट्रिक यंत्रणांची पारख करावयास याहून बरी मोजपट्टी मला सापडलेली नाही.

शरीराच्या खुणेवरून माणसाची खातरजमा करण्याच्या प्रथेचा आधुनिक इतिहास हिंदुस्थानातच, बंगाल्यात, सुरू होतो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून सडकेच्या मालाचा करार लिहून घेतला आणि त्या कागदाच्या पाठीवर कोनाईच्या सबंध पंजाचा ठसा उमटवून घेतला. सही नाकारण्याची वाट बंद व्हावी, एवढाच त्यात मतलब होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीस त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या आणि दस्तनोंदणीच्या कामी बोटांचे ठसे चालू केले. परंतु हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधून काढावयाचा तर त्यांचे वर्गीकरण हवे, आणि ते एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली कलकत्त्यास तयार झाले. त्यातील गणिती बुद्धी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांची होती, श्रेय मात्र बराच काळ साहेबाच्या नावावर जमा राहिले. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा केंद्र निघाले आणि १९०१ साली तीच पद्धती स्कॉटलंड यार्डात गेली. येथे लक्षात घेण्याजोगे एवढेच की, ठसा उपयोगी पडू लागला तो वर्गीकरण झाल्यावर, म्हणजे दप्तर उभे राहिल्यावर.

इमारतीच्या दारावर हे ज्ञान पोहोचावयास आणखी पाऊण शतक लागले, आणि पोहोचले तेही बोटाच्या रूपाने नव्हे, तर पंजाच्या. हाताच्या पंजाची लांबी, रुंदी व जाडी मोजणारी यंत्रे १९७० नंतर अमेरिकेत दारांवर दिसू लागली. ती वाजवीपेक्षा अधिक चतुर नव्हती, म्हणूनच की काय टिकाऊ ठरली, आणि अणुवीजकेंद्रांत व १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील क्रीडाग्रामातही वापरली गेली. त्यानंतर बोटांची यंत्रे स्वस्त झाली. केम्ब्रिज येथील जॉन डॉगमन यांनी बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याच्या नक्षीचे २,०४८ अंशांच्या संकेतात रूपांतर करण्याची रीत बसविली व १९९४ मध्ये तिचे पेटंट मिळविले. अचूकतेच्या बाबतीत तीस आजही तोड कमीच. जपानी कंपन्यांनी तळहाताच्या व बोटांच्या शिरांचा मार्ग धरला. आणि अखेरीस, विशेषतः २०२० च्या साथीत सामायिक यंत्रास बोट लावणे जोखमीचे ठरून सरकारी कचेऱ्यांतील बोटाची हजेरी तहकूब झाल्यावर, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांनी बाजी मारली. आमच्या कचेऱ्यांतून 'थंब मारला का?' असे अजून विचारतात, मग यंत्र चेहऱ्याचे का असेना.

यंत्र करते काय, ते थोडे जवळून पाहू. बोटाच्या ठशात रेषा जेथे संपते किंवा जेथे तिला फाटा फुटतो अशी काही डझन स्थाने असतात. यंत्र त्या स्थानांचे व दिशांचे टिपण करते, आणि हे काहीशे बाइटांचे टिपण, ज्यास या धंद्यातील लोक टेम्प्लेट म्हणतात, तेवढेच साठविते. दुसऱ्या वेळी बोट ठेवले की नवे टिपण जुन्याशी ताडले जाते. दोन टिपणे कधीही तंतोतंत जुळत नाहीत, कारण बोट तिरपे पडते, कोरडे असते, कापलेले असते. म्हणून यंत्र 'हाच तो' असे कधी म्हणत नाही, 'इतपत जुळते' असे म्हणते, आणि किती जुळले म्हणजे पुरे हा उंबरठा कोणीतरी मनुष्यच ठरवून ठेवतो. तो उंचावला तर घरचेच अडतात, खाली आणला तर परके शिरतात. विक्रेता जेव्हा अचूकतेचा आकडा सांगतो, तेव्हा कोणत्या उंबरठ्यावरचा, आणि मुख्य म्हणजे किती माणसांच्या यादीवरचा, हे विचारल्यावाचून त्या आकड्यास काही अर्थ राहत नाही.

यादीच्या लांबीचा हा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो, आणि तो साध्या गणिताचा आहे. समजा, एखादे यंत्र एका ताडणीत एक लाखात एकदा परक्यास आपला म्हणते. मनुष्याने आधी आपले कार्ड दाखविले आणि यंत्राने फक्त त्या कार्डाच्या धन्याशी ठसा ताडला, तर धोका एक लाखात एक एवढाच. पण कार्डाची कटकट नको म्हणून नुसते बोट लावावयाची सोय केली आणि यादीत पाच हजार माणसे असली, तर प्रत्येक परका पाच हजार वेळा ताडला जातो, आणि कोणाशी तरी जुळून जाण्याचा संभव जवळजवळ शेकडा पाचावर येतो. उलट बाजूही पाहावी. शंभरात एकदा घरच्यास नाकारणारे यंत्र कागदावर चांगले दिसते. तीन हजार कामगारांच्या कारखान्यात मात्र त्याचा अर्थ रोज सकाळी तीसएक माणसे दारात खोळंबणे असा होतो, आणि मग सुरक्षारक्षक कंटाळून शेजारचे फाटक उघडे ठेवतो. एवढा खर्चिक बंदोबस्त त्या उघड्या फाटकापाशी वाया जातो.

शिवाय ही नकारघंटा सर्वांस सारखी वाजत नाही. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याच्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या, विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. म्हाताऱ्यांच्या कातडीत त्या मंदावतात. रेशन दुकानाच्या यंत्रापुढे पुनःपुन्हा बोट पुसून ठेवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत, आणि तेच लोक इमारतींत सफाईस व दुरुस्तीस येतात. चेहऱ्याच्या यंत्रांत निराळा पक्षपात आढळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, परक्यास आपला म्हणण्याची चूक अनेक प्रणालींत आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या मानाने दहापट ते शंभरपट अधिक निघाली. ज्या चेहऱ्यांवर यंत्र घडविले गेले त्यांच्याशीच ते इमान राखते, असा याचा अर्थ. आपल्या निविदांतून हा प्रश्न विचारलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे.

नकली खुणांचा इतिहास आता सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २००२ साली योकोहामा येथील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी स्वयंपाकघरात मिळणाऱ्या जिलेटिनचे बोट करून तपासलेली अकराही यंत्रे फसवून दाखविली. जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या संघटनेने २०१३ मध्ये नव्या आयफोनचे ठसायंत्र बाजारात आल्यावर काही दिवसांतच चकविले, २०१४ मध्ये संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या बोटाचा ठसा छायाचित्रावरून तयार केल्याचे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये आपल्या मेळाव्यात मेणाचा हात करून शिरा पाहणारे यंत्रही हरविले. यावर सजीवपणाच्या परीक्षेची तोड निघाली. त्या परीक्षेची कशी परीक्षा घ्यावी याचे आंतरराष्ट्रीय मानकही झाले. दारावर हल्ला करणारा मनुष्य एवढा खटाटोप करील काय, हा प्रश्न मात्र राहतोच. कारण त्याहून सोपी वाट त्याच यंत्राच्या पाठीमागे आहे.

दाराबाहेरील भिंतीवर बसविलेले एखादे यंत्र घ्या. त्याच्या तळाशी एक-दोन स्क्रू असतात. ते काढले की यंत्र हातात येते आणि मागे तारांचा झुबका दिसतो : तांबडी व काळी विजेची, हिरवी व पांढरी माहितीची. स्वस्त यंत्रांत कुलूप उघडणारा खटकाच त्या पेटीत असतो, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या अंगास. दोन तारा एकमेकींस टेकविल्या की ठसा, डोळा, चेहरा यांपैकी कशाचीही गरज न पडता दार उघडते. जरा बऱ्या व्यवस्थेत खटका आतील नियंत्रकपेटीत असतो आणि यंत्र तारेवरून केवळ क्रमांक कळविते. ही कळविण्याची भाषा अजूनही पुष्कळ ठिकाणी वायगँड नावाची, जुन्या कार्डवाचकांसाठी ठरविलेली, आहे : एकूण २६ अंश, त्यांपैकी आठ जागेच्या क्रमांकाचे, सोळा व्यक्तीच्या क्रमांकाचे, दोन पडताळ्याचे. तीत गुप्तलेखन नाही, आणि बोलणारा कोण याची खूणही नाही. २०१५ साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत दोन संशोधकांनी त्या तारांवर चिकटवावयाचे एक चिमुकले उपकरण सादर केले. ते जाणारे क्रमांक ऐकून ठेवी आणि दूरध्वनीवरून हुकूम मिळताच पुन्हा उच्चारी. डॉगमनसाहेबांच्या गणिताने ज्या निश्चयास लाखो ताडण्यांचे बळ दिले तो निश्चय अखेर दोन उघड्या तारांवरून एका क्रमांकाच्या रूपाने जातो आणि तो क्रमांक कोणीही उच्चारू शकतो, ही या साऱ्या शास्त्राची केवढी विटंबना!

ओएसडीपी नावाची नवी भाषा हे वैगुण्य घालविण्यासाठीच निघाली, २०२० मध्ये तीस आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि तीत १२८ अंशी गुप्तलेखनाची तरतूद आहे. परंतु ती तरतूद ऐच्छिक. बसविणारा कारागीर ती चालू करीलच असे नाही, आणि केली तरी कारखान्यातून आलेली आरंभीची किल्ली तशीच राहू देण्याची सवय मोडलेली नाही. २०२३ च्या ब्लॅक हॅट परिषदेत नेमक्या याच फटींवर बोट ठेवले गेले. पुढे २०२४ मध्ये कॅस्परस्की या संस्थेच्या संशोधकांनी झेडकेटेको कंपनीच्या, जगभर व आपल्याकडेही दिसणाऱ्या, एका यंत्रात २४ दोष दाखवून दिले. त्यांतील एक तर असा होता की, चेहऱ्याऐवजी विशिष्ट मजकूर गुंफलेला क्यूआर कोड कॅमेऱ्यापुढे धरला असता तो मजकूर आतील कोष्टकास प्रश्न म्हणून जाई आणि यंत्र समोरच्यास अधिकृत मनुष्य समजे. चेहरा पाहावयास बसविलेला डोळा हा संगणकात शिरण्याचे भोकही असतो, हे ध्यानात आणून देणारे याहून बोलके उदाहरण नाही.

आता दप्तराकडे वळू. ज्याच्या हाती यादी, त्याच्या हाती दार, हे सूत्र एकदा पटले की गेल्या दशकातील दोन घटनांचा अर्थ आपोआप उलगडतो. २०१५ साली अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी विभागाच्या दप्तरातून दोन कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले, आणि तीत ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते; आरंभी हा आकडा अकरा लाख सांगितला गेला होता, तो पुढे वाढला. संकेतशब्द चोरीस गेला तर तो बदलता येतो, कार्ड हरवले तर नवे देता येते. दहा बोटे मात्र जन्मात एकदाच मिळतात. दुसरी घटना आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुप्रिमा या कोरियन कंपनीच्या बायोस्टार २ या प्रवेशनियंत्रणाच्या दप्तराचे दार इंटरनेटवर उघडे असल्याचे दोन इस्रायली संशोधकांच्या ध्यानात आले. सुमारे दोन कोटी ७८ लाख नोंदी, ठसे, चेहऱ्यांची छायाचित्रे आणि व्यवस्थापकांचे संकेतशब्दही जसेच्या तसे वाचता येत होते. कंपनीने मागाहून व्याप्ती पुष्कळच कमी असल्याचे म्हटले, आणि आकड्यांचा वाद बाजूस ठेवला तरी चालेल. कारण मला महत्त्वाची वाटते ती संशोधकांनी नोंदविलेली दुसरीच गोष्ट, की त्या दप्तरात केवळ वाचता येत नव्हते, लिहिताही येत होते. जुन्या नोकराच्या नावापुढील ठसा खोडून तेथे आपला घालावा आणि मग राजरोस पुढच्या दाराने, नोंदवहीत त्याच नोकराचे नाव उमटवीत, आत जावे. येथे कोणतेही यंत्र फसलेले नसते. ते आपले काम चोख बजावते.

हवालदार, सबनीस व सरनोबत यांची आठवण होते ती येथे. पुष्कळ कार्यालयांत या यंत्रणेचा कारभार एका संगणकविभागाकडे, आणि त्या विभागात एका 'ॲडमिन' खात्याकडे असतो, ज्याचा संकेतशब्द चारजणांस ठाऊक असतो. तेच खाते नवा ठसा नोंदविते, तेच कोणत्या दारास कोण हे ठरविते, तेच येण्याजाण्याची नोंद पाहते आणि हवी तर पुसते. गडाच्या किल्ल्या, शिबंदी आणि हजेरीपट असे एका हाती देण्याचा वेडेपणा सतराव्या शतकात कोणी केला नसता.

जाळ्याने दार दप्तरास बांधले की दप्तर बसले असता दारही बसते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे सारे जाळे एका चुकीच्या हुकमाने इंटरनेटवरून अदृश्य झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांची कार्डे त्यांच्याच इमारतींच्या दारांवर चालेनाशी झाल्याच्या वार्ता आल्या, आणि बिघाड दुरुस्त करावयास जाणाऱ्यांस आत पोहोचण्यास वेळ लागल्याचे कंपनीनेही सांगितले. म्हणून शहाणी व्यवस्था यादीची एक प्रत दाराजवळच्या नियंत्रकपेटीत ठेवते, जेणेकरून जाळे तुटले तरी दार आपल्या बुद्धीने चालावे. वीज गेली तर काय, हा याचाच जोडप्रश्न. चुंबकी कुलूप विजेवर धरून राहते आणि वीज जाताच सुटते. दुसऱ्या जातीचे कुलूप वीज जाताच घट्ट बसते. आगीच्या प्रसंगी माणसांस बाहेर पडता आलेच पाहिजे, हा अग्निसुरक्षेचा नियम बंदोबस्ताहून श्रेष्ठ आहे व तसाच असावा. पण त्याचा परिणाम म्हणून पुष्कळ इमारतींत आगीची घंटा वाजताच बायोमेट्रिक दारे एकदम उघडी पडतात, आणि घंटेची काच फोडावयास कोणाचाही ठसा लागत नाही. या एका क्षणासाठी जिवंत पहारेकरी हवा. तो वाचवून यंत्राचा खर्च काढू, असा हिशेब निविदांतून मांडलेला दिसतो तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

कायद्यांनी या प्रश्नाकडे निरनिराळ्या दिशांनी पाहिले. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ मध्येच लेखी संमतीवाचून कोणाचेही जैविक माप घेण्यास मनाई केली व प्रत्येक उल्लंघनास एक हजार किंवा पाच हजार डॉलर भरपाई ठरविली. बीएनएसएफ या रेल्वे कंपनीच्या मालधक्क्यांच्या फाटकांवर ट्रकचालकांचे ठसे घेतले जात. २०२२ मध्ये या कायद्याखाली शिकागोच्या ज्यूरीने ४५,६०० उल्लंघने गृहीत धरली आणि निकाल २२ कोटी ८० लाख डॉलरांचा झाला, जो पुढे साडेसात कोटींच्या तडजोडीत मिटला. युरोपच्या कायद्यात असे माप विशेष संरक्षणाच्या वर्गात मोडते. ब्रिटनच्या माहिती आयुक्ताने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीस तिच्या व्यायामगृहांतील दोन हजारांवर नोकरांची हजेरी चेहऱ्याने व बोटाने घेणे थांबविण्याचा हुकूम दिला. जेथे साध्या कार्डाने भागते तेथे शरीर मागणे अवास्तव, आणि नोकरीच्या दडपणाखाली दिलेली मान्यता ही खरी मान्यता नव्हे, असा त्यातील युक्तिवादाचा गाभा मला सर्वस्वी पटतो.

आपल्याकडची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. आधारच्या दप्तरात दहा बोटे, दोन्ही डोळे आणि चेहरा आहेत, आणि २०१६ च्या कायद्याचे २९ वे कलम त्यांतील बोटांचे व डोळ्यांचे मूळ जैविक माप कोणासही देण्यास मनाई करते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणास मूलभूत हक्क ठरविले आणि २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांच्या आधारवापरावर लगाम घातला. हे योग्यच झाले. पण याचा एक अकल्पित परिणाम असा की, प्रत्येक कंपनी, प्रत्येक शिकवणीवर्ग, व्यायामशाळा आणि आता प्रत्येक गृहनिर्माण संस्था आपापले निराळे ठसादप्तर उघडून बसली आहे, आणि एकाच माणसाची तीच बोटे शहरभर दहा ठिकाणी, दहा प्रकारच्या निष्काळजीपणाच्या स्वाधीन आहेत. २०११ च्या नियमांनी जैविक मापास संवेदनशील माहिती म्हटले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो स्वतंत्र वर्गच राहिला नाही, आणि नोकरीच्या व मालकाच्या नुकसान टाळण्याच्या कामासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा त्याच्या सातव्या कलमात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य कलमे अमलात येण्यास मुदत दिलेली आहे. मुंबईस मंत्रालयात २०२५ पासून प्रवेशासाठी चेहरा पाहणारी यंत्रणा आहे. तेथे रोज कामावर येणारा कारकून आणि गडचिरोलीहून अर्ज घेऊन वर्षातून एकदा येणारा शेतकरी यांच्याकडून सारखीच खूण मागावी काय, आणि दुसऱ्याची ती किती दिवस ठेवावी, हे प्रश्न कायद्याने अजून नीटसे हाताळलेले नाहीत.

उपाय नाहीत असे नाही. त्यांतील सर्वांत साधा व माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय वीस वर्षांहून जुना आहे : ठसा दप्तरात ठेवूच नये, ज्याचा त्याच्या कार्डात ठेवावा. अमेरिकी सरकारने २००४ च्या हुकमानंतर २००५ मध्ये आपल्या नोकरांसाठी जे कार्ड ठरविले त्यात दोन बोटांची टिपणे कार्डातच असतात. दारावर कार्ड आणि बोट यांची ताडणी होते. कार्ड हरवले तर एकाचे नुकसान, लाखांचे नव्हे. शिवाय प्रत्येक ताडणी एकाशी एक होत असल्याने वर सांगितलेले यादीचे गणितही सुटते. आपल्या विमानतळांवर १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या डिजियात्रेची घोषित रचनाही प्रवाशाची माहिती त्याच्याच दूरध्वनीत ठेवण्याची आहे. मूळ टिपण विकृत करून ठेवावे, म्हणजे चोरीस गेल्यास नवी विकृती देता येईल, ही आयबीएममधील रथा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली कल्पना फार सुंदर आहे. परंतु अचूकता थोडी घटते व किंमत थोडी वाढते म्हणून बाजाराने तिचे स्वागत केले नाही. आणि सर्वांत आतल्या दोन-चार दारांखेरीज, जेथे खरोखरच जोखमीची वस्तू आहे, इतरत्र साधे कार्ड पुरते, हे सांगण्याचे धैर्य सल्लागारांत नसते, कारण त्यांचे वेतन दारांच्या संख्येवर अवलंबून असते.

राहिला एक प्रश्न, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो : मनुष्य नोकरी सोडून गेला की त्याच्या ठशाचे काय होते? मनुष्यबळ विभाग आपल्या यादीतून नाव कमी करतो, तो बदल रात्री सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो प्रत्येक नियंत्रकपेटीस व पुष्कळ व्यवस्थांत प्रत्येक यंत्रास कळवितो. पण जिन्याखालचे एखादे यंत्र त्या रात्री बंद असते, गोदामाच्या दाराची तार उंदराने कुरतडलेली असते, आणि एखादे यंत्र दुरुस्तीस गेलेले असते, जे सहा महिन्यांनी जुन्या यादीसह परत येऊन तसेच भिंतीवर चढते. सर्व्हरच्या पडद्यावर तो मनुष्य नाहीसा झालेला दिसतो. त्या तीन यंत्रांत तो हयात असतो. आपल्याकडील देखभालीच्या करारांत यंत्र पुसण्याची, कॅमेऱ्याची काच स्वच्छ करण्याची आणि विजेरी बदलण्याची कलमे असतात. वर्षातून दोनदा प्रत्येक यंत्रातील यादी प्रत्यक्ष उतरवून घेऊन ती हजेरीपटाशी, आणि तेही संगणकविभागाबाहेरच्या माणसाकडून, ताडून घ्यावी, असे कलम मी अद्याप एकाही करारात वाचलेले नाही. ते घालण्यास दमडीची यंत्रसामग्री लागत नाही, एक कारकून, एक शिडी आणि दोन दिवस एवढेच लागते.